परसबागेत वावरातला पंप नेऊ नका

(प्रभागसंघाच्या मे महिन्याच्या सभेत आपल्या एका कृषीसखी ताईंनी परसबागेतल्या किडीविषयी जे सांगितलं, ते बऱ्याच जणींनी लिहून मागितलं. ज्या सभेला आल्या नव्हत्या त्यांच्यासाठीही त्यांचं बोलणं जसंच्या तसं इथे देत आहोत.)



बचतीचा हिशोब झाला, कर्जाचे अर्ज झाले, आता पोटात कावळे ओरडायला लागले आणि तेव्हा मला बोलायला उभं केलंय. म्हणजे मला ठाऊक आहे, लांबण लावून चालणार नाही. पण विषय तुमच्या जेवणाचाच आहे. पंधरा दिवसांत पाऊस येईल, तुम्ही कुंपणाला वेल लावाल, वांग्याची रोपं लावाल, भेंडी टोचाल. मग किडी येतील, आणि तुम्ही मला फोन कराल की ताई, कोणतं औषध मारू? तो फोन यायच्या आधी मला एक गोष्ट सांगायची आहे. दोन वर्षं सांगायची हिंमत झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या चारआठ दिवस आधी, आमचे हे कपाशीवर फवारणी करून घरी आले. पंपात लिटर-दीड लिटर औषधाचं पाणी उरलं होतं. माझ्या काकडीच्या मांडवावर मावा पडला होता, वांग्याची पानंही भोकंभोकं झाली होती. मीच म्हटलं, फेकता कशाला, महागाचं आहे, मारून द्या इकडे. त्यांनी मारलं. मी हात धुऊन सैपाकाला लागले. अर्ध्या-पाऊण तासानं माझ्या जावेचा मुलगा शाळेतून आला, सहा वर्षांचा. दप्तर टाकलं, मांडवाखाली गेला, काकडी तोडली, सदऱ्याला पुसली आणि खाल्ली. रोजच खायचा. परसबाग त्यासाठीच तर लावलेली.

दिवेलागणीला त्याच्या पोटात मुरडा सुरू झाला. उलट्या झाल्या, अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ गळायला लागली. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं झालं असेल. मीठ-मोहरी उतरवेपर्यंत काही वेळ गेला. मला मात्र आतून कळलं होतं. गाडी काढली आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, औषध कोणतं होतं? आम्हाला सांगता येईना. कारण आमच्याकडे जे होतं ते शेजाऱ्याकडून पाण्याच्या बाटलीत ओतून आणलेलं. त्यावर नाव नाही, काही नाही. शेजाऱ्याला फोन लावून नाव विचारेपर्यंत जी वीसपंचवीस मिनिटं गेली, ती मी विसरू शकत नाही.

पोरगं वाचलं. तीन दिवसांनी घरी आलं. आज चांगलं धावतं. जाऊबाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि हे लक्षात घ्या, तेव्हा मी कृषीसखी होते. माझं प्रशिक्षण झालेलं होतं. दुसऱ्या गावात जाऊन मी बायांना सांगत होते की औषध जपून वापरा. घरी मात्र महागाचं औषध वाया जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

आता यात चूक नेमकी कुठे झाली ते बघू. प्रत्येक औषधाच्या डब्यासोबत एक घडीचा कागद येतो. तो आपण उघडतच नाही, फेकून देतो. त्यात लिहिलेलं असतं की शेवटची फवारणी आणि पिकाची तोडणी यात किती दिवस जायला पाहिजेत. कुठे तीन दिवस, कुठे आठवडा, कुठे त्याहून बरेच जास्त. आणि ते दिवस त्या त्या पिकासाठी असतात. कपाशीच्या औषधाचा कागद काकडीबद्दल काही सांगत नाही, कारण ते काकडीसाठी नाहीच. बरं, वावरात एवढे दिवस थांबता तरी येतं. परसबागेत कोण थांबतं? सकाळी वांगी, संध्याकाळी सांभार, मधल्या वेळेत लेकरं. आपण तिथून रोज खातो. म्हणून मी आता सरळ सांगते, वावरातला पंप परसबागेत न्यायचाच नाही. रिकामा, धुतलेलासुद्धा नाही. नळीत आणि टाकीत अंश राहतो. निंबोळी अर्क मारायचा असेल तर वेगळा छोटा हातपंप घ्या.

धुऊन घेतलं की झालं, असंही कोणी म्हणेल. भाजी धुवाच, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पण काही औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या अंगात रसाबरोबर भिनतात. ती वरून धुतल्यानं जात नाहीत.

काही औषधं तर भाजीपाल्यावर कायद्यानंच बंद आहेत. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून बंदी आहे. फोरेटचे दाणे आपल्याकडे बाया सर्रास वांग्याच्या बुडाशी टाकायच्या, त्याचा वापर 2020 च्या डिसेंबरअखेर सगळ्याच पिकांवर बंद झाला. घरात जुनी पुडी पडलेली असेल तर ती अजून संपलेली नाही म्हणून वापरू नका. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो तोही ओळखा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पाण्यासारखं निर्धोक नव्हे, फक्त बाकीच्यांपेक्षा कमी विषारी. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते आपल्या कानावर आहे. काही घरं आपल्या ओळखीचीही असतील.

बरं, औषध नाही तर मग काय? खरं सांगू का, परसबाग म्हणजे काही दोन एकर वावर नाही. वीस-तीस झाडं असतात. तिथे हात आणि डोळे पुरतात, फक्त रोज दहा मिनिटं द्यावी लागतात आणि पान उलटून बघावं लागतं. आपण वरून बघतो, कीड पानाच्या खाली असते.

वांग्यापासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त फोन वांग्याचे येतात. झाड चांगलं हिरवंगार असतं आणि एखादाच शेंडा मलूल होऊन मान टाकतो. बाया म्हणतात पाणी कमी पडलं. पाणी कमी पडलं असतं तर अख्खं झाड मलूल झालं असतं. एकच शेंडा वाकला म्हणजे आत अळी आहे. ती शेंड्यात शिरून आतला गाभा खाते, आणि फळं धरली की फळात शिरते. एकदा ती आत गेली की बाहेरून कितीही फवारा, तिला काही होत नाही. विष मात्र वांग्याला लागतं. म्हणून उपाय एकच, वाकलेला शेंडा पाचसहा बोटं खालून कापायचा. चिरून बघा, आत गुलाबीसर अळी दिसेल. नाही दिसली तर अजून थोडं खाली कापा. कापलेला शेंडा आणि भोक पडलेली वांगी तिथेच बाजूला फेकायची नाहीत. अळी त्यातून निघून कोष करते, त्याचा पतंग होतो आणि पुन्हा तुमच्याच वांग्यावर येतो. चुलीत घाला. आठवड्यातून दोनदा हे केलं तर महिन्याभरात फरक दिसतो. झाड त्यामुळे खुरटत नाही, उलट बाजूनं फुटवे येतात. तरीही त्रास असेल तर या अळीचा कामगंध सापळा मिळतो, एक टांगला की नर पतंग त्यात अडकतात. आणि दरवर्षी त्याच जागी वांगी लावू नका. टोमॅटो, मिरची ही वांग्याचीच भावंडं, त्या जागेवर तीही नकोत. शेंगा, पालेभाजी लावा.

वेलांचं दुखणं वेगळं. काकडी, कारलं, दोडका बोटाएवढा होतो आणि पिवळा पडून गळतो, किंवा वाकडातिकडा होतो. आत पांढऱ्या बारीक अळ्या वळवळतात. ही फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या मोठ्या झाल्या की फळ सोडून मातीत उतरतात आणि तिथे त्यांचे कोष होतात. म्हणजे मांडवाखाली पडलेली सडकी फळं हा तिचा पाळणाच. ती रोज वेचायची. उकिरड्यावर टाकायची नाहीत, शेणखताच्या खड्ड्यातही नाही. प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधायचं आणि चार दिवस कडक उन्हात ठेवायचं, किंवा हात-दीड हात खोल पुरायचं. माझा आवडता उपाय मात्र जुन्या साडीचा आहे. फूल गळून काकडी बोटाएवढी झाली की तिला पातळ कापडाची लांबट पिशवी घालायची आणि वर सैल गाठ मारायची. माशीला अंडी घालायला जागाच मिळत नाही. मांडव जरा विचित्र दिसतो, शेजारीण हसते. हसू द्या. कृषी सेवा केंद्रात वेलवर्गीय फळमाशीचा क्यू ल्युर सापळा मिळतो, तोही लावा. मागताना वेलांचा म्हणूनच मागा, आंब्या-पेरूच्या माशीची गोळी वेगळी असते. सापळ्यात फक्त नर सापडतात, म्हणून सापळा लावला आणि सडकी फळं तशीच ठेवली तर उपयोग होत नाही.

चवळीवर, वालावर काळा मावा पडतो. त्याच्याबरोबर मुंग्यांची रांग असते. मावा गोड चिकट पाणी सोडतो आणि ते चाटायला मुंग्या येतात, त्याची राखणही करतात. मुंगी दिसली की शेंडा बघायचा. सुरुवातीला बोटांनी चिरडून टाकायचा, किंवा पाण्याची जोरात धार मारायची. जास्तच झाला तर लिटरभर पाण्यात चमचाभर साधा साबण किसून विरघळवा आणि माव्याच्या अंगावर पडेल असं मारा. आधी एकदोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा, पान करपलं नाही तर पुढे मारा. कपडे धुण्याची पावडर वापरू नका. आणि युरियाची मूठ टाकायची सवय सोडा. युरियानं पान लुसलुशीत होतं, आणि लुसलुशीत पान माव्याला आपल्याआधी कळतं.

आता एक पाप कबूल करते. माव्यातच एक काळपट, चपटी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी अळी फिरते. दिसायला इतकी ओंगळ की बघितली की चिरडावीशीच वाटते. मी शेकड्यानं चिरडल्या असतील. ती आपल्या लाल ढालकिड्याचं पिल्लू असते आणि दिवसभर मावाच खाते. ढालकिडा म्हणजे तो गोल, लाल, चकचकीत, काळ्या ठिपक्यांचा. त्याला आपण लहानपणी तळहातावर चालवायचो. त्याला आणि त्याच्या त्या कुरूप पिल्लाला हात लावू नका. पण फसू नका हं, वांग्यावर त्याच्यासारखाच एक भुंगा येतो. त्याला ठिपके पुष्कळ, अंग मळकट, अजिबात चमकत नाही. त्याचं पिल्लू पिवळं आणि काटेरी. तो पानाचा हिरवा गर खरवडून जाळी करतो. तो वैरी. त्याला सकाळी थंड वेळी साबणाच्या पाण्यात पाडायचं, आणि पानाखाली पिवळ्या उभ्या अंड्यांचा पुंजका दिसला तर पान तोडून चुरडायचं. माव्यात ढालकिड्याचीही अंडी पिवळीच असतात, म्हणून नियम लक्षात ठेवा: अंडी माव्याजवळ असतील तर राहू द्या, वांग्याच्या जाळी झालेल्या पानाखाली असतील तर काढा.

हे चांगले किडे टिकायला फुलं लागतात. चार रोपं सांभाराची न उपटता फुलू द्या, बडीशेप असेल तर ती, कडेनं झेंडू. विषारी फवारा मारला की आधी हेच मरतात, आणि मावा पंधरा दिवसांत परत येतो तेव्हा त्याला खायला कोणीच उरलेलं नसतं. तुमच्या कोंबड्याही किडे खातात, पण कोवळी रोपं उकरून टाकतात. झाडं गुडघ्याएवढी झाल्यावरच त्यांना आत सोडा. आणि त्यांच्यासाठी म्हणूनही विष नको.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडून पान जाळीदार पिवळं दिसलं तर तो हळद्या, म्हणजे केवडा. त्याला कोणतंच औषध नाही, कितीही मारा. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. ते झाड पहिल्याच दिवशी उपटायचं, जीव तुटला तरी. पांढऱ्या माशीसाठी पिवळा रंग दिलेल्या पत्र्याला एरंडीचं तेल फासून झाडाच्या उंचीवर टांगा, चिकटतात. पावसाळ्यात गोगलगायी येतात त्यांच्यासाठी रात्री ओलं पोतं टाकून ठेवा, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या चिमट्यानं उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. ते पाणी मात्र वाफ्यात ओतू नका.

फवारण्यासारखं मी एकच ठेवलंय, निंबोळी. आणि तिचा हंगाम आत्ता आहे. जूनमध्ये पिकलेल्या निंबोळ्या गळतील. त्या वेचायच्या, गर चोळून काढायचा, धुवायच्या, सावलीत वाळवायच्या आणि पोत्यात किंवा कापडी पिशवीत ठेवायच्या. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. लागतील तेव्हा जाडसर कुटा. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम भुकटी, रात्रभर भिजवायची, सकाळी कापडातून पिळून घ्यायची, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी मारायचं. उन्हात तिचा गुण जातो, म्हणून संध्याकाळ. आठ-दहा दिवसांनी परत. एक सांगून ठेवते, निंबोळी मारली आणि तासाभरात किडे पटापट पडले असं होत नाही. किडीचं खाणं मंदावतं, कात टाकताना ती बिघडते, हळूहळू कमी होते. काही जणी दुसऱ्या दिवशी फोन करतात, ताई काहीच झालं नाही. थांबा हो, चार दिवस थांबा. यंदाची निंबोळी पुढच्या पावसाळ्यापर्यंत वापरा, त्यानंतर तिच्यात दम राहत नाही.

घरचं केलेलं सगळंच निर्धोक असतं, हाही एक गैरसमज आहे. तंबाखूचं पाणी उकळून मारणाऱ्या बाया मी पाहिल्यात. तंबाखूतलं निकोटीन जहाल विष आहे, ते कातडीतूनही शिरतं. परसबागेत ते नको. दशपर्णीत कण्हेर, रुई, कुठे धोत्राही पडतो, हे सगळं माणसाला विषारीच. वावरातल्या पिकाला मारायचा असेल तर मारा, पण उद्या तोडायच्या पालकावर, मेथीवर नको, आणि त्याचा ड्रम लेकरांच्या हाताला लागेल असा नको.

शेवटचं बाटल्यांचं. 2013 साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेत दुपारचा आहार खाऊन 23 लेकरं गेली. तपासात त्यांच्या अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. आपल्यातल्या कितीतरी गटांकडे शाळेच्या पोषण आहाराचं काम आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. औषधाचा रिकामा डबा कितीही चांगला असला तरी घरात घ्यायचा नाही. तीनदा खंगाळायचा, ते पाणी वावरातल्या पंपातच ओतायचं, डब्याला भोकं पाडायची म्हणजे कोणी वापरणार नाही. आणि औषध पाण्याच्या बाटलीत ओतून शेजाऱ्याला द्यायचं नाही, त्याच्याकडून घ्यायचंही नाही.

कोणाला विषबाधा झालीच, तर 108 ला फोन करा आणि मूळ डबा, नाही तर त्याचा कागद, सोबत घेऊन जा. अंगावर पडलं असेल तर कपडे काढून साबणानं अंग धुवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही. उतरवत बसायचं तर अजिबात नाही.

मधाशी मागच्या बाजूनं एक ताई म्हणाल्या, आम्ही मजुरीला जातो, आम्हाला किडे वेचायला कुठे वेळ? खरं आहे, मलाही वेळ नसतो. मी सकाळी भांड्याचं पाणी टाकायला परसात जाते तेव्हाच दोन झाडं बघते. दुसऱ्या दिवशी पुढची दोन. आता ते पोरगंही माझ्यासोबत येतं, त्याचे डोळे माझ्यापेक्षा तेज आहेत. वांग्याचा वाकलेला शेंडा तोच आधी दाखवतो. पण काकडी तोडायच्या आधी अजून विचारतो, काकी, खाऊ का?

आज घरी गेल्यावर माळ्यावर, गोठ्यात, देवळीत बघा, नाव नसलेली बाटली कुठे आहे का. असेल तर तिला हात लावायच्या आधी मला फोन करा. आणि जूनच्या सभेला प्रत्येक गटानं वाळवलेल्या निंबोळ्या आणायच्या आहेत, निदान पायलीभर. वजनकाटा मी आणते.